पुलाची वही

भिगवणहून डिकसळकडे निघालात की थोड्याच वेळात समोर पाणी लागते. नजर पोचेल तिथवर पाणी. हिवाळ्यात त्याच्या उथळ कडेला रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या लांबच लांब लेन्स घेऊन पहाटेच येऊन थांबतात. भिगवणच्या मासळी बाजारात चिलापीचे ढीग लागलेले असतात. भीमा नदीवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचे हे छोटे गाव आता बऱ्यापैकी नावारूपाला आले आहे, आणि ते पक्ष्यांमुळे आणि माशांमुळे आले याचा मला आनंदच आहे. पण ज्या पाण्याकडे सगळे बघत असतात त्याच पाण्यात एक दगडी पूल उभा आहे, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही, हे मला गेली कित्येक वर्षे खुपते आहे.

पुलाच्या अलीकडे डिकसळ, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. पलीकडे कोंढार चिंचोली, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. माझे आजोळ पलीकडचे. लहानपणी एसटी पुलाच्या तोंडाशी आली की ड्रायव्हर गाडी थांबवून मान पुढे काढायचा. समोरून कोणी येत नाही ना, याची खात्री करून मगच गाडी पुलावर घालायचा, कारण पूल एका गाडीपुरताच. खिडकीतून हात बाहेर काढला असता तर कठड्याला लागला असता. आजोबा सांगायचे, हा रेल्वेचा पूल. मग आम्ही पोरे वाकून वाकून रूळ शोधायचो. रूळ नव्हते. ते आमच्या जन्माच्या आधीच निघून गेले होते.

ते कसे गेले हे समजून घेतले की या पुलाचे आजचे दुखणेही समजते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. त्यानंतर पाचच वर्षांत, १८५८ मध्ये, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे रूळ पुण्याहून डिकसळपर्यंत आले. डिकसळ काही काळ शेवटचे स्टेशन होते. १८५९ मध्ये गाडी पुढे बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत जाऊ लागली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली. बोरघाट मात्र अजून फोडणे चालू होते. तो पूर्ण व्हायला १८६३ उजाडले. म्हणजे इकडे भीमाकाठी इंजिनाची शिटी वाजत होती, तेव्हा मुंबईहून पुण्याला येणारा उतारू घाटाचा टप्पा गाडीतून उतरून दुसऱ्या साधनाने पार करत होता. या मुलखातला हा पूल इतका जुना आहे. शंभराहून अधिक वर्षे त्याच्यावरून मद्रासकडच्या मेल गेल्या, मालगाड्या गेल्या, दुष्काळात धान्याच्या वाघिणी गेल्या.

मग उजनी आले. १९६६ मध्ये धरणाचे काम सुरू झाले, १९८० च्या सुमारास ते पूर्ण झाले. एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावणारे हे धरण. त्याच्या पोटात भीमाकाठची गावेच्या गावे गेली. जुना लोहमार्गही बुडिताच्या पट्ट्यात आला, म्हणून रेल्वेने आपला मार्ग हलवला. नवे रूळ टाकले, नवा पूल बांधला, नवी स्टेशने उभी केली. जुना पूल मागे राहिला. तो पक्का होता, उंच होता, पाण्याच्या वर डोके काढून उभा होता. विस्थापित गावांना नदीपार जायला दुसरे काही नव्हते. रूळ उखडले, वर रस्ता केला आणि वाहतूक सुरू झाली. आजोळच्या एका म्हाताऱ्या धरणग्रस्ताने मला हे सगळे एका वाक्यात सांगितले होते : "गाव पाण्यात गेलं, टेसन गेलं, पूल तेवढा ऱ्हायला बघ."

पूल राहिला हे खरे. पण रेल्वे जाताना रुळांबरोबर आणखी एक गोष्ट घेऊन गेली. ती म्हणजे पुलाची वही.

रेल्वेच्या पुलाला कोणीतरी माणूस असतो, म्हणजे कायमचा नेमलेला माणूस. चावीवाला रोज आपल्या हद्दीतून पायी चालत जातो, हातोडी खांद्यावर टाकून, रूळ धरून ठेवणारी चावी सैल झाली असेल तर ती ठोकत. त्याच्यावर मुकादम, मुकादमावर अभियंता. पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. पुलाच्या खांबावर धोक्याची पातळी रंगवलेली असते, तिच्यापर्यंत पाणी आले की गाडी थांबते, मग आत मंत्री बसलेला असो की शेतमजूर. आणि दर वर्षी पावसाळा संपला की अभियंता पुलावर आणि पुलाखाली जातो, खांब, पाया, कमान, सांधे बघतो, आणि पाहिलेले एका नोंदवहीत लिहितो. मागच्या वर्षी अमुक खांबाला केसाएवढी चीर होती, या वर्षी ती किती झाली, हे त्या वहीत सापडते. माणसे बदलतात, बदल्या होतात, वही राहते. देशात रेल्वेचे सुमारे दीड लाख पूल आहेत आणि त्यातल्या ३७ हजारांहून अधिक पुलांनी शंभरी ओलांडली आहे. त्यांच्यावरून आजही गाड्या धावतात. रेल्वेची बाकी कितीही गाऱ्हाणी असोत, या एका कामात त्या खात्याने दीडशे वर्षे जी शिस्त राखली, तिच्यासमोर मी हात जोडतो.

डिकसळचा पूल रस्त्याकडे आला, पण ही शिस्त त्याच्याबरोबर आली नाही. त्याला अंगावरच्या कपड्यानिशी दुसऱ्या घरी पाठवावे तसे पाठवले गेले.

काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयात मी याच पुलाच्या तपासणीची नोंद मागायला गेलो होतो. समोरचा कारकून भला माणूस होता. त्याने कपाट उघडले, दोन गठ्ठे सोडले, रस्त्याची फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. रस्त्याची लांबी होती, डांबरीकरणाची वर्षे होती, खड्डे भरल्याची बिले होती. पुलाबद्दल एक ओळ होती : मोठा पूल, एक. बांधकामाचे वर्ष लिहायच्या रकान्यात आडवी रेघ. मी विचारले, तपासणी कोण करते? तो म्हणाला, निम्मा पूल पलीकडच्या जिल्ह्यात येतो, तिकडे विचारून बघा. तिकडेही गेलो. तिथे मला अलीकडे विचारायला सांगितले. दोघांपैकी कोणी उद्धटपणे बोलले नाही, कोणी पैसे मागितले नाहीत, चहासुद्धा पाजला. पण दीडशे वर्षे उन्हापावसात उभ्या असलेल्या त्या पुलाबद्दल दोन जिल्ह्यांच्या कपाटांत मिळून एक पानही नव्हते, हे पाहून मी परत येताना पुलावर गाडी थांबवली आणि बराच वेळ नुसता उभा राहिलो.

आणि पूल बोलतच होता. अलीकडच्या काळात त्याच्या दगडी बांधकामाचा काही भाग ढासळला. जड वाहने बंद करावी लागली. ऊस घेऊन पलीकडून येणाऱ्या ट्रॅक्टरांना वळसा पडला, एसटीचे हाल झाले, भिगवण-बारामतीला शिकायला येणाऱ्या मुलामुलींची आणि दवाखान्यात येणाऱ्या माणसांची फरपट झाली. मग निवेदने, आंदोलने, पाहणी दौरे. नव्या पुलाची मागणी मान्य झाली. नवा पूल हवाच, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. एका गाडीच्या रुंदीचा पूल आजच्या वाहतुकीला पुरणार नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षा करणेही क्रूरपणाचे आहे.

माझा मुद्दा नवा पूल झाल्यानंतरचा आहे. नव्या पुलावर फीत कापली गेली की जुन्याचे काय होणार? आपल्याकडच्या अनुभवावरून सांगता येते : दोन्ही तोंडांना मातीचा ढीग टाकतील, एक पत्र्याची पाटी लावतील, आणि पूल विसरून जातील. मग एक दिवस पाटी पडेल, ढीग पावसात वाहून जाईल, जवळचा रस्ता म्हणून मोटारसायकली पुन्हा त्याच्यावरून जाऊ लागतील. आणि हाच खरा धोका आहे. पूल म्हातारा होतो म्हणून त्याची भीती वाटते आपल्याला, पण मला भीती वाटते ती तो बेवारस होण्याची.

१५ जून २०२५ ला इंद्रायणीवर कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळला. चौघे गेले, पन्नासच्या वर माणसे जखमी झाली. तो पूल काही इंग्रजांच्या काळातला नव्हता. धोकादायक असल्याची पाटी तिथे होती. नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. पण रविवारच्या गर्दीत पुलावर जाणाऱ्याला अडवायला तिथे कोणी नव्हते, कारण तो पूल रोज कोणाच्याच ताब्यात नव्हता. गुजरातेत त्याच वर्षी ९ जुलैला महीसागर नदीवरचा गंभीरा पूल तुटला, तो तर १९८५ चा. उलट ३७ हजार शतायुषी पुलांवरून रोज गाड्या जातात. वय हे कारण असते तर हिशोब उलटा दिसला असता.

३ जुलै २०१८ ला मुंबईत अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ रुळांवर कोसळला, तेव्हा पहिले काही तास चर्चा कशाची झाली? जबाबदारी रेल्वेची की महापालिकेची, याची. वरचा रस्ता एकाचा, खालचे रूळ दुसऱ्याचे, मधला पदपथ कोणाचा? डिकसळचा पूल अशाच दोन सीमांमध्ये सापडला आहे. एका खात्याने सोडलेला, दुसऱ्याने मनापासून न घेतलेला, आणि वर दोन जिल्ह्यांत विभागलेला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोडून न काढता पुढे जाणे बरोबर नाही. सावित्री नदीवरचा पूल तर तपासला होता! महाडजवळचा १९२८ चा तो पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसटी आणि इतर वाहने त्या काळोखात पाण्यात गेली, चाळीसच्या आसपास माणसे गेली. आणि त्याआधी मे महिन्यातच पुलाची पाहणी होऊन त्याला धोका नसल्याचे सांगण्यात आले होते. २०१९ मध्ये सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला, त्याचाही लेखापरीक्षण अहवाल आधीच ठीकठाक म्हणून आला होता. मग तपासणीने काय साधते?

हा प्रश्न रास्त आहे. पण वही आणि प्रमाणपत्र यांत फरक आहे. प्रमाणपत्र एका दिवसाचे असते. कोणीतरी येतो, वरून बघतो, सही करतो, जातो. वही म्हणजे तोच खांब तीस वर्षे पाहिल्याची साखळी. शिवाय नदीवरचा पूल बहुतेक वेळा वरून पडतच नाही, तो खालून जातो. पुरात पाणी खांबाला धडकते, खांबाच्या पायाशी भोवरा करते, आणि तिथली वाळू-माती उपसून काढते. पूर ओसरताना तो खड्डा पुन्हा गाळाने भरतो, त्यामुळे उन्हाळ्यात बघणाऱ्याला सगळे पूर्वीसारखेच दिसते. वरून कठडा शाबूत, डांबर गुळगुळीत, आणि खाली पाया उघडा. हे कळायला पाण्यात उतरून, दोर सोडून, दर वर्षी त्याच जागी खोली मोजावी लागते आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघावी लागते. मागचा आकडाच नसेल तर या वर्षीच्या मोजमापाला काही अर्थ उरत नाही.

डिकसळला या खालच्या बाजूची काळजी जास्त करायला हवी, कारण हा पूल ज्या नदीसाठी बांधला ती नदी आता राहिलेली नाही. तो बांधला तेव्हा भीमा पावसाळ्याचे चार महिने भरून वाहायची आणि एरवी वाळूच्या पात्रातून एका कडेने झुळझुळत जायची. खांब आठ महिने कोरडे असायचे. आता त्याच खांबांभोवती महिनोन् महिने पाणी उभे असते, मग उन्हाळ्यात झपाट्याने उतरते, मग पुन्हा चढते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती, म्हणजे वापरायचा साठा संपून तळातला मृतसाठाही घटला होता. जुन्या दगडी बांधकामातला जीव म्हणजे चुना. भिजणे आणि वाळणे असे वर्षानुवर्षे चालले की सांध्यातला चुना हळूहळू पाण्याबरोबर निघून जातो, फटी पडतात, फटीत पाखरांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते. मी स्वतः कठड्याच्या खालच्या बाजूला करंगळीएवढ्या जाडीच्या पिंपळाचे मूळ दोन चिऱ्यांमध्ये शिरलेले पाहिले आहे. रोप वीतभर होते, मूळ केवढे होते ते दिसत नव्हते. चावीवाला असता तर त्याने ते पहिल्या पावसातच उपटले असते. आणि डागडुजी करायची वेळ येते तेव्हा आपण काय करतो? सिमेंट थापतो. चुन्याच्या सांध्यावर सिमेंट बसले की आतले पाणी आतच कोंडते आणि दगड सोलला जातो. घाणीत दळलेला चुना वापरणारे गवंडी अजून आहेत, किल्ल्यांच्या कामांवर ते दिसतात. पुलासाठी त्यांना कोणी बोलावत नाही.

आणि मग वाळू. भीमेच्या पात्रात यांत्रिक बोटी लावून वाळू उपसण्याचा धंदा या भागात सगळ्यांना माहीत आहे. महसूल आणि पोलिसांची पथके येतात, बोटी जिलेटिनने उडवून देतात, फोटो छापून येतात, आणि काही दिवसांत दुसऱ्या बोटी पाण्यात उतरतात. पुलाच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरात उपसा करायला कायद्यानेच मनाई आहे. पण ती मनाई पाळली जाते की नाही हे बघणारा पुलाचा माणूस नाही. तलाठ्याच्या अंगावर इतर शंभर कामे, आणि रात्रीच्या बोटीसमोर एकट्या तलाठ्याने उभे राहायचे ही अपेक्षाही माणुसकीची नाही.

पुलांचा विषय निघाला की आपल्याकडे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. इंग्लंडहून पत्र आले होते म्हणे, की तुमच्या पुलाचे आयुष्य संपले. सावित्रीच्या दुर्घटनेनंतर तर गावोगावच्या पुलांबद्दल हे ऐकू येऊ लागले. असे पत्र आले की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. ही गोष्ट इतक्या विश्वासाने सांगितली जाते याचे मला वाईट वाटते. आपल्या दारातल्या पुलाची काळजी समुद्रापलीकडचा कोणी करत असेल, असे आपल्याला सहज खरे वाटते. आपल्याच तालुक्याच्या गावी बसलेला अभियंता ती करत असेल, असे मात्र वाटत नाही.

दुसऱ्या टोकाला "इंग्रजांचा पूल, त्यांच्या गुलामीची खूण, पाडून टाका" असे म्हणणारेही भेटतात. त्यांना मी जीआयपीचा करार वाचायला सांगतो. त्या कंपनीच्या भागधारकांना पाच टक्क्यांच्या परताव्याची हमी होती. रेल्वेला तेवढे सुटले नाही तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जायची. महसूल म्हणजे कोण? इथल्या कुळांचा सारा. रेल्वे त्यांनी आणली ती दख्खनचा कापूस मुंबईच्या बंदराला नेण्यासाठी आणि फौजा हलवण्यासाठी, यात लपवण्यासारखे काही नाही. पण दगड इथल्या खाणीतला, चुना इथल्या भट्टीतला, घाम इथल्या पाथरवटांचा आणि बिगाऱ्यांचा, आणि पैसाही शेवटी इथल्याच माणसाच्या खिशातला. नकाशा साहेबाने काढला म्हणून पूल साहेबाचा होत नाही. भीमाकाठच्या माणसांनी त्याची किंमत एकदा साऱ्यातून दिली आणि दुसऱ्यांदा धरणात गावे बुडवून दिली. त्या दोन्ही व्यवहारांतून त्यांच्या हातात उरलेली ही एकच वस्तू आहे.

नदीपार जाणे ही इथे हौस नाही, हेही सांगायला हवे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यात लहान मुले होती. रोजच्यासारखी निघालेली बोट. पाण्याने दुभंगलेल्या या मुलखात माणसाला पलीकडे जावेच लागते. बाजार पलीकडे, सासर पलीकडे, दवाखाना पलीकडे. रस्त्याने गेले तर मोठा वळसा, म्हणून बोट. त्यानंतर शिरसोडी-कुगाव पुलाची चर्चा घरोघर पोचली. सावित्रीवरचा नवा पूलसुद्धा १६५ दिवसांत उभा राहिला होता. म्हणजे पैसा आहे, अभियंते आहेत, यंत्रे आहेत, इच्छाही आणता येते. ती माणसे गेल्यावरच का येते, एवढेच विचारायचे आहे.

मग जुन्या पुलाचे करायचे काय? काही मित्र म्हणतात, संरक्षित वारसा म्हणून जाहीर करा. मला त्यातही भीती वाटते. कोल्हापुरात पंचगंगेवर जुना शिवाजी पूल अपुरा पडला म्हणून शेजारी पर्यायी पूल सुरू केला, तो पुरातत्त्व कायद्याच्या अडचणीत वर्षानुवर्षे अर्धवट उभा राहिला. जानेवारी २०१८ मध्ये एक मिनीबस जुन्या पुलाचा दगडी कठडा तोडून नदीत पडली. तेरा जण गेले, आणि त्या वेळी शेजारी पूर्ण न झालेला पूल उभा होता. तेव्हा वारसा हा शब्द माणसाच्या आड येणार असेल तर तो मला नको. राजमहेंद्रीला गोदावरीवरचा १९०० सालचा हॅवलॉक रेल्वे पूल १९९७ मध्ये गाड्यांसाठी बंद झाला. नदीवरून पायी फिरायचा सुंदर मार्ग होईल असे तेव्हापासून सांगत आले, आणि पूल कित्येक वर्षे नुसताच उभा राहिला. म्हणजे हात न लावणे हाही एक प्रकारचा नाश आहे.

मला हवे आहे ते यापेक्षा साधे आहे. नवा पूल झाला की जुन्यावरून चारचाकी पूर्ण बंद व्हावी, आणि ती मातीच्या ढिगाने बंद न होता दगडी खुंट रोवून बंद व्हावी. पायी जाणारी माणसे, सायकली, शाळेची मुले, पक्षी बघणारे यांच्यासाठी तो खुला राहावा. माणसांचा वावर असलेला पूल बेवारस होत नाही, कोणी चिरा काढून नेऊ लागला तर चार लोक ओरडतात. भिगवणला पक्षी पाहायला येणाऱ्यांना पाण्याच्या मधोमध उभे राहायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? तिथल्या होडीवाल्यांना आणि खानावळींना त्यातून चार पैसे मिळाले तर उत्तमच. पण हे सगळे नंतरचे. आधी एका कार्यालयाचे, एका पदाचे नाव त्या पुलावर लिहिले जावे. पूर्ण पूल एकाच जिल्ह्याकडे द्यावा, पुण्याकडे द्या की सोलापूरकडे द्या, मला फरक पडत नाही. रेल्वेच्या प्रत्येक पुलावर जशी क्रमांकाची पाटी असते तशी पाटी लावावी, आणि तिच्यावर शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख लिहावी. येणाऱ्याजाणाऱ्याला ती वाचता यावी. तारीख जुनी झाली की गावकरी आपोआप विचारतील.

आणि रेल्वेकडून जुने कागद मागून घ्यावेत. दीडशे वर्षे ज्यांनी या मार्गावरच्या पुलांच्या नोंदी ठेवल्या, त्यांच्या दप्तरात भीमेच्या या पुलाच्या पायाची खोली आणि जुन्या पुरांच्या पातळ्या शोधायला कोणीतरी चार दिवस बसले पाहिजे. त्यासाठी निविदा लागत नाही. एक पत्र लागते. पुढे जेव्हा एखादे खाते आपला पूल, धरण, कालवा दुसऱ्याच्या हवाली करील, तेव्हा हस्तांतराच्या कागदाला तपासणीची वही जोडल्याशिवाय ते ग्राह्य धरू नये, असा शासननिर्णय काढायला तर एक पानही पुरे. रेल्वेने बंद केलेल्या मार्गांवरचे असे कितीतरी पूल आज ग्रामपंचायतींच्या आणि शेतकऱ्यांच्या वापरात आहेत.

खर्च किती, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगीन की एक कनिष्ठ अभियंता, वर्षातून दोनदा दोन दिवस, एक होडी, खोली मोजायचा दोर, आणि चुन्याची कामे येणारे दोन गवंडी. पिंपळाचे रोप उपटायला तर हातच पुरेत. मी त्या दिवशी वाकून प्रयत्न केला होता. रोप हातात आले, मूळ आतच तुटून राहिले.

येत्या मे महिन्यात उजनी पुन्हा उतरेल. पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडले की त्याला पाहायला गर्दी होते, बातम्या येतात. तेव्हाच डिकसळच्या पुलाचे खांबही खालपर्यंत दिसू लागतात, पाण्याच्या पातळ्यांचे पांढरे पट्टे एकाखाली एक उमटलेले. वर्षातले तेवढेच काही आठवडे त्यांच्यापर्यंत पायी जाता येते, हात लावून सांधे चाचपता येतात, पायाशी दोर सोडून खोली घेता येते. जूनमध्ये भीमाशंकरकडे पाऊस सुरू झाला की पाणी पुन्हा चढू लागेल. वहीचे पहिले पान त्याआधी लिहून व्हायला हवे.